लष्करी घडीचा नकाशा: उघडण्यापासून जमिनीवर ताडून पाहण्यापर्यंत

ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि पुढे ब्रिटिश सरकारच्या मोहिमांत अधिकारी जे नकाशे जवळ बाळगत, त्यांतले बरेचसे अखंड कागदाचे नसत. छापील नकाशा सारख्या आकाराच्या चौकोनांत कापला जाई, ते चौकोन लिननच्या किंवा मांजरपाटासारख्या सुती कापडावर खळीने चिकटवले जात आणि दर दोन चौकोनांच्या मध्ये घडीपुरती बारीक फट सोडली जाई. त्यामुळे घडी कागदावर न पडता कापडावर पडे. घोड्याच्या खोगिराला अडकवलेल्या पिशवीत किंवा कोटाच्या खिशात महिनोन्महिने राहूनही नकाशा घडीवर फाटत नसे आणि चालत्या घोड्यावर हवा तेवढाच भाग उघडून धरता येई. पुणे, खडकी, अहमदनगर, देवळाली अशा जुन्या छावण्यांच्या परिसरात, सैन्यात नोकरी केलेल्या घरांच्या पेट्यांत, जुन्या बाजारात आणि लिलावांत असे नकाशे आजही नजरेस पडतात. ते हाती आल्यावर कसे उघडावेत, त्यांचे वय कसे ठरवावे, त्यांच्यावर कुठे आणि किती विश्वास ठेवावा, आजच्या जमिनीशी ते कसे जुळवावेत आणि कसे जपावेत, याची रीत या लेखात क्रमाने मांडली आहे. उदाहरणे मुख्यतः दख्खनमधली आणि मुंबई इलाख्यातली घेतली आहेत, कारण मराठी वाचकाला ती जमीन स्वतः जाऊन पाहता येते.

एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यायला हवी. असा नकाशा सगळीकडे सारखा खरा नसतो. फौज ज्या वाटेने गेली, त्या वाटेच्या आजूबाजूचा पट्टा मोजलेला असतो आणि वाटेपासून जसजसे दूर जावे तसतशी माहिती ऐकीव होत जाते. हा फरक नकाशात कुठेही लिहिलेला नसतो, कारण कोरणाऱ्याने दोन्ही प्रकारची गावे एकाच अक्षरात कोरलेली असतात. खालच्या बहुतेक पायऱ्या हा फरक ओळखण्यासाठीच आहेत.

उघडण्याआधी

नकाशा मिटलेला असतानाच त्याची चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. तो कोणत्या क्रमाने घडी केलेला होता, कोणता चौकोन बाहेर होता आणि कोणता आत, ही माहिती एकदा उलगडल्यावर सहसा हातून निसटते. नकाशाहून मोठे, स्वच्छ आणि कोरडे टेबल घ्यावे, त्यावर धुतलेली पांढरी सुती चादर अंथरावी आणि हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. टेबलावर शाईचे पेन, पाण्याचा पेला किंवा चहा ठेवू नये. नोंदी पेन्सिलीनेच कराव्यात.

पहिली घडी उलगडताना कापड कडक लागले किंवा कुरकुर असा आवाज आला, तर तिथेच थांबावे. जुनी खळ वाळून ठिसूळ झालेली असते आणि जोर लावल्यास कागदाचा पापुद्रा कापडावरून सुटतो. असा नकाशा दमटपणा देऊन मऊ करण्याचे काम कागद-संवर्धन शिकलेल्या माणसाचे आहे. घरी वाफ देणे किंवा इस्त्री फिरवणे कटाक्षाने टाळावे. करड्या, हिरवट किंवा भुरभुरीत डागांवरून आणि कोंदट वासावरून बुरशी ओळखता येते. तशी शंका आली तर तोंडाला मास्क लावावा आणि तो नकाशा इतर कागदांपासून ताबडतोब वेगळा करावा.

आणखी एक सावधगिरी हाताने काढलेल्या प्रतींबाबत बाळगावी लागते. निळसर, अर्धपारदर्शक, गुळगुळीत कापडावर शाईने काढलेला नकाशा हे ट्रेसिंग कापड असण्याचा संभव फार असतो. हे कापड खळीने ताठ आणि पारदर्शक केलेले असते. त्यावर पाण्याचा एक थेंब पडला तरी खळ विरघळून पांढरा अपारदर्शक डाग पडतो, आणि तो पुन्हा जात नाही. ओल्या फडक्याने धूळ पुसण्याच्या सवयीमुळे असे नकाशे फार सहज खराब होतात.

नकाशा पूर्ण उघडल्यावर कोऱ्या कागदावर त्याच्या चौकोनांचा आराखडा काढावा. या चौकोनांना आपण खण म्हणू. डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली प्रत्येक खणाला आराखड्यावर क्रमांक द्यावा, मूळ नकाशावर मात्र काहीही लिहू नये. पुढची प्रत्येक नोंद या खणक्रमांकाने करायची असते.

पाठ आधी वाचावी

छापील बाजूवर एकदा नजर गेली की माणूस तिथेच रमतो, म्हणून पाठ आधी पाहण्याची शिस्त लावून घ्यावी. मिटलेल्या स्थितीत बाहेर येणाऱ्या खणाच्या पाठीवर नकाशाचे नाव, विक्रेत्याची चिठ्ठी, अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि पलटण अशा नोंदी सापडू शकतात. लंडनच्या जेम्स वाइल्ड किंवा एडवर्ड स्टॅनफर्ड यांच्यासारख्या विक्रेत्यांची चिठ्ठी असेल तर नकाशा खासगीरीत्या विकत घेतलेला असण्याची शक्यता वाढते. खात्याचा शिक्का असेल तर तो सरकारी वाटपातला असू शकतो. नाव आणि पलटण मिळाल्यास त्या काळच्या छापील सैन्य-याद्यांत तो अधिकारी कोणत्या वर्षी कुठे होता हे शोधता येते, आणि मग नकाशा कोणत्या मोहिमेत वापरला गेला असावा याचा अंदाज पुष्कळ पक्का होतो.

मळ हासुद्धा पुरावा असतो. ज्या खणांच्या कडा बोटांनी काळवंडल्या आहेत, जिथे घडी झिजून कापडाचे धागे दिसू लागले आहेत, तेच खण वारंवार वर काढले गेले. या कारणासाठी नकाशा स्वच्छ करण्याची घाई करू नये. मऊ, कोरड्या ब्रशने मध्यापासून कडेकडे सुटी धूळ झाडणे पुरेसे असते, खोडरबर मात्र फिरवू नये.

नंतर छापील बाजू पाहताना खोलीतला मुख्य दिवा बंद करून विजेरी नकाशाच्या पातळीला टेकवून धरावी. तिरप्या प्रकाशात पुसलेल्या पेन्सिलीच्या खाचा आणि कर्कटकाच्या टोकाने पडलेली बारीक छिद्रे दिसू लागतात. एकामागून एक सारख्या अंतरावर पडलेली छिद्रे म्हणजे कोणीतरी मजल मोजली आहे. लाल आणि निळ्या पेन्सिलीच्या खुणा दिसल्या तर कोणत्या रंगाची खूण कोणत्या खणात आहे हे आराखड्यावर उतरवावे. लाल म्हणजे शत्रू किंवा निळा म्हणजे आपले, असा अर्थ लगेच लावू नये, कारण रंगांचा हा संकेत सर्व काळांत आणि सर्व सैन्यांत एकच नव्हता.

वय कसे ठरवावे

नकाशाला एक वय नसते, निदान तीन असतात: मोजणी कधी झाली, नकाशा प्रथम प्रसिद्ध कधी झाला आणि हाती असलेली प्रत कधी छापली गेली. समासात ही तिन्ही वर्षे शोधावीत आणि वेगवेगळी नोंदवावीत. सर्वांत अलीकडचे वर्ष पाहून संपूर्ण नकाशा त्या वर्षाचा मानणे ही नेहमी होणारी चूक आहे.

छपाईची पद्धत भिंगाखाली पाहावी. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या नकाशाच्या रेषा अतिशय तीक्ष्ण असतात, त्यांना बोटाला किंचित उठाव जाणवतो आणि कागदावर पत्र्याच्या कडेची दबलेली चौकट दिसू शकते. दगडछापाच्या रेषा सपाट असतात. १८६० नंतरच्या दशकांत फोटोझिंकोग्राफीचा, म्हणजे हाताने काढलेल्या नकाशाचे छायाचित्र जस्ताच्या पत्र्यावर उतरवून छापण्याचा प्रसार झाला. पुण्याच्या सरकारी फोटोझिंको छापखान्याचे नाव मुंबई इलाख्यातल्या अनेक नकाशांच्या तळाशी आढळते. या पद्धतीने नकाशे झटपट आणि स्वस्तात निघू लागले, आणि मोहिमेच्या ऐन वेळी ताजी मोजणी अधिकाऱ्यांच्या हाती देणे शक्य झाले.

रेल्वे ही दख्खनच्या नकाशांसाठी उत्तम कसोटी आहे. मुंबई ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली, खंडाळा ते पुणे हा टप्पा १८५८ मध्ये आणि मधला बोर घाट १८६३ मध्ये खुला झाला. घाटातून सलग रेल्वे दाखवणारी प्रत त्यामुळे सर्वसाधारणपणे १८६३ नंतरची धरावी, अर्थात ती रेघ ‘नियोजित’ म्हणून दाखवलेली नाही याची खात्री करून. इथेच मोठी फसगत होते. जुन्या पत्र्यांवर नवी रेल्वे तेवढी वाढवून पुन्हा छपाई केली जाई, आणि गावे, ओढे, वाटा कित्येक दशकांपूर्वीच्या मोजणीतल्या तशाच राहत. रेल्वेवरून प्रतीचे वय कळते, तिच्यावरच्या गावांचे नव्हे.

विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय सर्वेक्षण खात्याने रंगीत नकाशांची नवी मालिका हाती घेतली आणि तिच्याबरोबर पत्रकांचे क्रमांकही बदलले. चार अंश लांबी-रुंदीच्या मोठ्या चौकोनाला आकडा, त्याच्या सोळा भागांना ए ते पी अक्षरे आणि प्रत्येक भागाच्या पुन्हा सोळा भागांना १ ते १६ क्रमांक अशी ही रचना आहे. पुणे शहर ‘४७ एफ/१४’ या पत्रकावर येते. असा क्रमांक दिसला तर नकाशा या नव्या मालिकेतला आहे. नुसते साधे पत्रक क्रमांक आणि काळी एकरंगी छपाई असेल तर तो बहुधा आधीचा आहे.

गावांच्या नावांची रोमन वर्तणीही मदत करते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रत्येक अधिकारी कानाला जसे ऐकू आले तसे लिहीत असे, उत्तरार्धात वर्तणी एकसारखी करण्याचा प्रयत्न झाला. या कसोटीवर एकट्याने विसंबू नये, पण इतर पुराव्यांना ती चांगला आधार देते.

मोजले कोणी आणि कसे

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा, कारण नकाशाची लायकी इथेच ठरते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक लष्करी नकाशे मार्ग-मोजणीवर उभे होते. फौजेबरोबर चालणारा अधिकारी किंवा त्याचा माणूस अंतर मोजणारे चाक ढकलत नेई, त्यावरच्या काट्यांवरून मैल नोंदवी, वळणावळणाला होकायंत्राने दिशा घेई, आणि दिसणारे डोंगर, लागणारे ओढे, गावे, विहिरी वहीत टिपत जाई. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात गोडार्डची फौज काल्पीहून निघून १७७९ च्या आरंभी सुरतेला पोहोचली, तेव्हा मध्य भारतातला असाच एक लांब मार्ग इंग्रजांच्या कागदांवर उतरला आणि जेम्स रेनेल यांनी हिंदुस्थानचा नकाशा जुळवताना अशा मार्गांचा आधार घेतला. मुंबईचे सर्वेक्षण-प्रमुख चार्ल्स रेनॉल्ड्स यांनीही पश्चिम भारताचा नकाशा पुष्कळसा मार्गांवरूनच रचला.

मार्ग-मोजणीतल्या चुका एका ठरावीक प्रकारच्या असतात. चाक प्रत्येक चढ-उतार आणि प्रत्येक वळण मोजते, त्यामुळे सरळ अंतर फुगते. घाटात ते सर्वांत जास्त फुगते. दोन मार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथे चूक पकडली जाते आणि दुरुस्त होते, ज्या गावाला एकच मार्ग गेला ते गाव चुकीच्या जागी तसेच राहते. म्हणून आपल्या नकाशावर एका पारदर्शक कागदावर फक्त रस्ते उतरवून घ्यावेत. जिथे जाळे दाट आहे तिथे गावांच्या जागांवर विश्वास ठेवावा, एकाच धाग्याला लटकलेली गावे संशयित धरावीत आणि कोणत्याही धाग्यावर नसलेली गावे ऐकीव समजावीत.

विल्यम लॅम्बटन यांनी १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ आधाररेषा मोजायला सुरुवात केली आणि त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घातला. हे काम उत्तरेकडे नेत असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. त्रिकोणांच्या जाळ्यामुळे ठळक शिखरांच्या जागा पक्क्या झाल्या, आणि १८२७ पासून निघू लागलेल्या, एका इंचाला चार मैल प्रमाणाच्या हिंदुस्थानच्या अॅटलासची पत्रके या चौकटीत बसवली गेली. तरीसुद्धा चौकट पक्की म्हणजे आतले सर्व पक्के असे होत नाही. दोन शिखरांच्या मधली गावे कधी नव्याने मोजलेली असतात, तर कधी जुन्या मार्ग-नकाशांतून उचललेली असतात.

पुढच्या काळात प्लेन टेबल, म्हणजे तिपाईवर आडवा ठेवलेला फळा, घेऊन मोजणी करणारे अधिकारी मोहिमेबरोबरच जाऊ लागले. नकाशा वहीतून नंतर न काढता जमिनीसमोर उभे राहूनच काढला जाई, म्हणून तो टेकड्यांच्या आकाराच्या बाबतीत फार भरवशाचा असतो. १८६८ च्या अॅबिसिनिया मोहिमेला मुंबईच्या सैन्याबरोबर आणि दुसऱ्या अफगाण युद्धात निरनिराळ्या तुकड्यांबरोबर अशी माणसे होती. १७ मार्च १८७९ रोजी अफगाणिस्तानात एका मोजणी-तुकडीवर हल्ला झाला, तेव्हा माघार सांभाळल्याबद्दल कॅप्टन एडवर्ड लीच यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा मोजणीच्या नकाशात एखाद्या दिशेला टेकड्या अचानक थांबलेल्या दिसल्या, तर मोजणी कुठवर पोहोचली याची ती सीमा असू शकते.

नकाशा अपुरा असताना काय होई, हे जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत नीट दिसते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली यांना केळणा नदी ओलांडून शिंदे-भोसल्यांच्या सैन्याच्या बगलेवर जायचे होते. उताराची, म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी, जागा त्यांना नकाशातून मिळाली नाही आणि बरोबरच्या वाटाड्यांनी तिकडे उतार नाही असेच सांगितले. पिंपळगाव आणि त्याच्या समोरच्या काठावरचे दुसरे गाव इतकी जवळजवळ पाहून त्यांनी तर्क केला की अशी दोन गावे एकमेकांकडे ये-जा केल्याशिवाय राहणार नाहीत, म्हणजे मध्ये उतार असलाच पाहिजे. उतार तिथेच निघाला. नकाशा वाचणाऱ्यालाही हाच तर्क वापरता येतो: नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावे आणि दोन्हींकडून काठापर्यंत येणाऱ्या वाटा असतील, तर उताराची खूण छापलेली नसली तरी तिथे तो शोधावा.

नकाशांचे महत्त्व सरकारला उमगायलाही वेळ लागला. १८२० च्या दशकात दक्षिण कोकणाची मोजणी करणारे मुंबई इंजिनिअर्सचे थॉमस बेस्ट जर्विस यांना १८५४ मध्ये बेल्जियममध्ये क्रिमियाचा रशियन लष्करी नकाशा मिळाला. क्रिमियावर चढाई करायला निघालेल्या ब्रिटिश सैन्याजवळ तसा नकाशा नव्हता. जर्विस यांनी तो स्वखर्चाने छापून दिला, आणि १८५५ मध्ये लंडनच्या युद्ध खात्यात नकाशांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन होऊन त्यांच्याकडे सोपवण्यात आला. कोकणच्या मोजणीत तयार झालेला माणूस अशा रीतीने ब्रिटिश लष्करी नकाशा-खात्याचा संस्थापक ठरला. मुंबईत मराठीतून गणिताची पुस्तके तयार करवणारे जॉर्ज जर्विस हे त्यांचे बंधू. या दोघा भावांविषयी मराठीत अधिक लिहिले जायला हवे असे मला मनापासून वाटते.

प्रमाण, आणि फटींचा हिशेब

घडीच्या नकाशावर अंतर मोजताना दोन खणांमधली फट वगळावी लागते. हे सांगण्याची गरज वाटू नये इतके साधे आहे, तरीही बहुतेक जण हे विसरतात. एका इंचाला एक मैल म्हणजे १:६३,३६० या प्रमाणावर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ६३ मीटर होतात, म्हणून तीन मिलिमीटरची फट जवळजवळ १९० मीटरची चूक घालते. एका इंचाला चार मैल म्हणजे १:२,५३,४४० या प्रमाणावर तीच फट सुमारे ७६० मीटरची होते, आणि चार फटी ओलांडल्या की चूक तीन किलोमीटरपर्यंत जाते. प्रत्येक खणातले अंतर वेगळे मोजून बेरीज करावी.

दुसरी चूक कागदाच्या आकसण्याची. ओल्या खळीने कागद फुगतो, वाळताना आकसतो, आणि आडवा व उभा सारखाच आकसेल असे नसते. तपासण्याची सोपी रीत अशी: पुण्याच्या अक्षांशावर पंधरा मिनिटे अक्षांश म्हणजे सुमारे २७.७ किलोमीटर, आणि ते इंचाला मैल प्रमाणावर सुमारे ४३.७ सेंटिमीटर भरले पाहिजे. फटी वगळून ते ४३.४ भरले, तर नकाशा उभ्या दिशेने सुमारे ०.७ टक्के आकसला आहे. पंधरा मिनिटे रेखांश त्याच ठिकाणी सुमारे ४१.७ सेंटिमीटर भरायला हवे. दोन्ही दिशांचे आकडे नोंदवून ठेवावेत, पुढे संगणकावर जुळवणी करताना ते लागतात.

डोंगर आणि पांढरी जागा

समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, रूढ होण्याआधी उतार दाखवण्यासाठी बारीक रेघोट्या काढल्या जात. रेघोटी उताराच्या दिशेने, म्हणजे पाणी वाहील त्या दिशेने असते आणि उतार जितका उभा तितक्या रेघोट्या जाड व दाट होतात. त्यांतून उंची कळत नाही, फक्त चढ कळतो.

सह्याद्रीत आणि बालाघाटात या पद्धतीने मोठा घोळ होतो, कारण आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि सपाट माथ्याचे आहेत. सपाट जागेवर रेघोट्या नसतात, म्हणून किल्ल्याचा माथाही पांढरा राहतो आणि दरीचा तळही पांढराच राहतो. दोहोंतला फरक ओढ्यांवरून ओळखावा: पांढऱ्या पट्ट्यातून ओढा वाहत पुढे जात असेल तर तो तळ, आणि पांढऱ्या पट्ट्याच्या कडेपासून चहूबाजूंनी ओढे सुरू होत असतील तर तो माथा. ओढेही नाहीत, रेघोट्याही नाहीत आणि गावेही विरळ, असा तिसरा पांढरा भाग आढळला तर तिथे मोजणीदार गेलाच नव्हता असे समजावे. हे तिन्ही पांढरे वेगवेगळे रंगवलेली एक प्रत स्वतःसाठी तयार करावी. नकाशा समजण्यासाठी याहून चांगला अभ्यास नाही.

डोंगरमाथ्याचा तपशील नसण्याची किंमत दक्षिण आफ्रिकेत २४ जानेवारी १९०० रोजी स्पिअन कोपच्या लढाईत कळली. माथ्याच्या भरवशाच्या नकाशाविना, रात्री आणि धुक्यात तो ताब्यात घेतलेल्या ब्रिटिश तुकडीने खंदक खणले, आणि धुके विरल्यावर ते खंदक माथ्याच्या खऱ्या कडेवर नसून मागे आहेत, आणि शेजारच्या टेकड्यांवरून त्यांच्यावर थेट मारा होऊ शकतो, हे उघड झाले.

पुढच्या रंगीत मालिकेत तपकिरी समोच्च रेषा आल्या. इंचाला मैल प्रमाणाच्या पत्रकांवर त्यांतले अंतर बहुधा ५० फूट असते, तरी प्रत्येक पत्रकाच्या समासात ते पाहून घ्यावे. याच पत्रकांवर ‘सी.जी.’ म्हणजे पडावाची जागा, ‘डी.बी.’ म्हणजे डाक बंगला, ‘पी.एस.’ म्हणजे पोलीस ठाणे अशी संक्षिप्त अक्षरे दिसतात. पडावाच्या जागा विशेष लक्ष देऊन पाहाव्यात. जिथे पाणी, वैरण आणि सपाट माळ एकत्र मिळे तिथेच पडाव पडे, आणि धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांचे तांडे व तोफा ओढणारे बैल यांची सोय झाल्याशिवाय फौज हलत नसे. दोन पडावांमधले अंतर पाहिले की त्या मुलखात फौजेची मजल किती पडत असेल हे लगेच कळते.

आजच्या जमिनीशी जुळवणी

जुळवणीसाठी क्यूजीआयएस ही मोफत संगणक-प्रणाली पुरेशी आहे. नकाशा सपाट पाडून, कॅमेरा बरोबर वरून धरून, प्रत्येक खणाचे स्वतंत्र छायाचित्र घ्यावे. संपूर्ण नकाशाचे एकच चित्र जुळवायला घेतले तर प्रणाली फटींनाही जमीन समजते आणि सर्व गावे थोडीथोडी सरकतात. खण वेगळे जुळवले की हा दोष उरत नाही.

प्रत्येक खणात निदान सहा ओळखीचे बिंदू घ्यावेत आणि ते कोपऱ्यांकडे पसरलेले असावेत. किल्ल्यांचे बुरूज, डोंगरावरची देवळे, त्रिकोणात टिंब असलेली सर्वेक्षण-शिखरे आणि खडकाळ भागातले नद्यांचे संगम हे बिंदू चांगले. रस्त्यांचे फाटे आणि मातीच्या काठांच्या नद्यांची वळणे जागा बदलतात, ती टाळावीत. उजनी, कोयना, जायकवाडी अशा धरणांच्या परिसरात गावे उठून दुसरीकडे वसली आहेत आणि नावे मात्र तीच राहिली आहेत. त्यामुळे आजच्या गावावर जुना ठिपका बसवल्यास सगळा खण वाकडा होतो.

नकाशावर अक्षांश-रेखांशांची चौकट असेल आणि तिच्यावरून जुळवणी करायची असेल, तर दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, निर्देश-चौकट, म्हणजे अक्षांश-रेखांश कोणत्या मूळ मापावरून धरले ती व्यवस्था: जुन्या भारतीय नकाशांसाठी ‘कल्याणपूर १८८०’ निवडावी, आजच्या जीपीएसची चौकट थेट निवडल्यास जागा सरकते. दुसरी, मद्रास वेधशाळेच्या रेखांशाची दुरुस्ती, कारण भारतातले रेखांश तिच्यावरून धरले जात. तिचे जुने मूल्य खऱ्यापेक्षा सुमारे अडीच मिनिटांनी जास्त होते आणि ते विसाव्या शतकाच्या आरंभी दुरुस्त झाले. त्याआधीच्या नकाशाचे रेखांश जसेच्या तसे घेतले तर पुण्याच्या अक्षांशावर सगळा मुलूख सुमारे साडेचार किलोमीटर पूर्वेला जाऊन बसतो. अनेक जुन्या पत्रकांच्या समासात या दुरुस्तीची टीप छापलेली असते, ती आधी शोधावी.

जुळवणी झाल्यावर प्रत्येक गावाची चूक मोजून तिचा तक्ता करावा आणि ती मार्गांच्या आराखड्याशी ताडून पाहावी. मार्गावरच्या गावांची चूक कमी आणि बाजूच्या गावांची जास्त निघाली, तर नकाशा कोणत्या वाटेने तयार झाला हे आकड्यांतच दिसते. त्यानंतर प्रत्यक्ष जागेवर जावे. जुनी गाडीवाट, पांदण, पायविहीर, उताराजवळचे देऊळ यांविषयी गावातल्या वयस्कर माणसांना विचारल्यास जी माहिती मिळते ती कोणत्याही उपग्रह-चित्रात नसते.

जतन आणि खरेदी

नकाशा शक्य असेल तर सपाट, आम्लविरहित कागदाच्या दोन थरांत ठेवावा. जागा नसेल तर मूळच्याच घड्यांवर मिटावा, नवी घडी कधीही घालू नये. खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे कठीण असते, म्हणून बंद डबा, त्यात आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवून दर महिन्याला तपासणी करावी. खळ म्हणजे कसरीचे आवडते खाद्य, त्यामुळे या नकाशांना साध्या कागदापेक्षा धोका अधिक असतो. पोथ्यांप्रमाणे वेखंडाची पुरचुंडी ठेवायची असल्यास ती नकाशाला टेकू देऊ नये. डांबरगोळ्या टाळाव्यात. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन यांनी होणारे नुकसान भरून निघत नाही. जुन्या कागदाला यांइतके मोठे शत्रू घरात दुसरे नाहीत.

विकत घेताना भिंग जवळ असावे. मूळ छपाईत रेषा अखंड असतात. नकली प्रतीत रेषा रंगीत टिंबांची बनलेली दिसते, किंवा नकाशा थेट कापडावरच छापलेला असून घडीच्या फटींवरूनही रेषा सलग गेलेल्या असतात. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार ऐतिहासिक मोलाची ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखिते, दफ्तरे आणि दस्तऐवज परवानगीविना देशाबाहेर नेता येत नाहीत, म्हणून परदेशी ग्राहकाला विकण्याचा किंवा नातेवाइकांकडे पाठवण्याचा विचार असेल तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी.

शेवटी नकाशासोबत एक माहितीपत्रक ठेवावे. त्यात तो कोणाकडून आणि कधी मिळाला, खणांची संख्या, प्रत्येक खणाचे आणि फटीचे माप, तिन्ही वर्षे, पाठीवरचा मजकूर जसाच्या तसा, पेन्सिलीच्या खुणांचे खणक्रमांक आणि आकसण्याची टक्केवारी लिहावी. या पत्रकाची एक प्रत छायाचित्रांसह मुंबई किंवा पुण्याच्या पुराभिलेखागारात, किंवा जवळच्या इतिहास-संशोधन संस्थेत द्यावी, म्हणजे त्याच मार्गाचा दुसरा नकाशा एखाद्याला सापडला तर दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतील.